माझ्या नाकावरचा भरवसा

प्रिय चिमणे,

तुझं पत्र आईने दोनदा वाचून दाखवलं. टाकी साफ करणाऱ्यांना तू वायूचं मीटर लावल्याशिवाय उतरू देत नाहीस, म्हणून ते तुला पिपाणीबाई म्हणतात, हे ऐकून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. मीटर वाजू नये म्हणून ते त्यावर चिकटपट्टी लावतात, याचं मला नवल नाही. आमच्या वेळी कारखान्यात मीटर कपाटात कुलपात असायचं आणि टाकीच्या तोंडाशी मला उभं करायचे. माझं नाक तिखट. कुजक्या अंड्यांचा वास आला की मी हात वर करायचो, वास गेला की उतरा म्हणायचो. त्या मोठेपणामुळे मी चांगलाच शेफारलो होतो.

वेल्डरकाका तुला आठवत असेल, तुला खांद्यावर घेऊन गेटपर्यंत यायचा. तो टाकीत चक्कर येऊन पडला, असं आम्ही तुला सांगितलं. ते अर्धंच खरं. त्या सकाळी वास जोराचा होता, म्हणून मी त्याला थांबवलं. थोड्या वेळाने वास एकदम गेला. मी म्हटलं, जा, साफ आहे. वायू कुठेच गेला नव्हता. तो वाढला की आधी माणसाचं नाकच बधिर करतो, हे मला नंतर दवाखान्यात कळलं. चौथ्या पायरीवर त्याचे हात सुटले. त्याला धरायला वाकलो तो मीही कोसळलो. मला ओढून काढलं, त्याला काढेपर्यंत उशीर झाला. चौकशीत मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काकू अजून मला भाऊजी म्हणते आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. आईलाही माहीत नाही. दूध करपलं की ती डाफरते, शेजारी बसून लक्ष कुठे होतं म्हणून, आणि मी पेपरात डोकं घालतो.

राजीनामा लिहून ठेवलायस, तो द्यायचा की फाडायचा ते तू ठरव. पण सोमवारी मोठी टाकी उघडणार आहेत, तेवढा दिवस तिथे थांब. कुणीतरी माझ्यासारखा शहाणा म्हणेल, बाई, वास गेला, करा उतरायच्या परवान्यावर सही. तेव्हा सही करू नकोस. सगळ्यांना टाकीपाशी बसव आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखव, माझ्या नावासकट. चौकशीत बोललो नाही ते निदान त्यांना ऐकू दे. काकूला मी उद्या स्वतः जाऊन सांगतो.

तुझाच,
बाबा