शेताच्या रस्त्यातला चुना

आई, आज बहादरपूरला आपल्या शेताकडे जाणारा रस्ता एका जागी खणून पाहिला. वर खडीचा थर, खाली आपलीच काळी माती, चुना मिसळून रोलरने दाबलेली. कुदळ सहज आत जाईना. निघालेल्या ढेकळावर तपासणीचं औषध शिंपडलं आणि ते गुलाबी झालं. म्हणजे इतके पावसाळे झाले तरी चुना मातीत आहे. बरोबरच्या माणसांनी फोटो काढले. मला मात्र तुम्हाला बोलावून दाखवावंसं वाटलं.

लग्न होऊन आले तेव्हा मी रस्त्यांच्या खात्यात नवीच इंजिनियर होते. पावसाळ्यात केळीच्या गाड्या या रस्त्यात रुतायच्या. पुढे काही वर्षांनी खात्याने चुन्याचा प्रयोग करायला हाच रस्ता निवडला, तेव्हा तुम्ही हसलात. "चुना पानाला लावतात, सूनबाई. रस्त्याला कोणी लावतं का?" मी काळ्या मातीचे दोन गोळे केले, एक साधा, एक चुना घालून. काही दिवस ओल्या फडक्यात ठेवून ते स्वयंपाकघरातच दोन वाट्यांत पाण्यात सोडले. तुम्ही भाकरी थापता थापता बघताहात. साध्या गोळ्याचा बघता बघता चिखल होतो, दुसरा तसाच राहतो. "या वाट्या आता जेवणात घ्यायच्या नाहीत," एवढंच रागावून म्हणालात. पण दुसऱ्या दिवशी तोच गोळा तुम्ही खिडकीत वाळवून पुन्हा पाण्यात टाकलेला. "पाऊस काय एकदाच येतो?" प्रयोगशाळेत आम्हीही असंच भिजवून, वाळवून पाहतो असं सांगितल्यावर म्हणालात, "मग बरोबरच आहे."

रस्ता झाला आणि नेमकी आपली बाग कापणीला आली. माती धरेपर्यंत गाडी नको, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. रस्ता अडवायला लावलेले दगड लोक बाजूला सारत होते, म्हणून तुम्ही रस्त्याच्या तोंडावर खाट टाकून बसलात. तेवढ्यात तुमच्याच मुलाने ठरवलेली गाडी आली.

"माँजी, खाली गाडी है, वजन नहीं है," ड्रायव्हर म्हणाला.

"भरके ही जाएगी ना? पीछे लो."

तुमचा मुलगा चिडला. "आई, खाट उचल. घड झाडावरच पिकतील. तिला मी सांगतो."

"तिला नंतर सांग. आधी मला उठवून दाखव."

त्याने उठवलं नाही. मग तुम्हीच उठलात, मजुरांबरोबर बागेत गेलात आणि पहिला घड डोक्यावर घेतलात. संध्याकाळपर्यंत सगळा माल बांधावरून पक्क्या सडकेपर्यंत गेला. काही घड चेचले, त्यांना भाव मिळाला नाही. तुमचा मुलगा माझ्याशी धड बोलेना. मीही आतून घाबरले होते, कारण रस्ता बिघडला असता तर तुमचीही मान खाली गेली असती. मग पावसाळा आला. एका संध्याकाळी तो भरली गाडी बाहेर काढून घरी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "रुतली नाही." तुम्ही त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढलीत.

आता धूलकोटकडच्या एका रस्त्यालाही चुना मंजूर झाला आहे. घरी सांगितलं तर सगळे छान म्हणाले आणि जेवायला बसले. तुम्ही असता तर विचारलं असतं, सगळा रस्ता टिकला का? नाही टिकला, आई. नाल्याजवळचा तुकडा मऊ पडला आहे. तिथे पाणी साचून राहतं, त्याने चुना हळूहळू धुपला. धूलकोटला आधी पाण्याला वाट काढणार आहोत, मग माती.

हे सगळं अहवालात लिहिलं आहे, तरी तुम्हाला सांगावंसं वाटलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. मघाशी तुमच्या मुलाचा फोन आला, जेवायला केव्हा येतेस म्हणून. तपासणी चालू आहे असं सांगितलं. ती केव्हाच संपली होती. बाकीची माणसंही निघून गेली आहेत, आणि मी केळीच्या सावलीत बसून हे लिहिते आहे.