पंख्याचा खोका

१४ मार्च १९८६

पंखा आला! काशीरामने मुंबईहून एस.टी.त टाकून दिला, मी लांज्याहून डोक्यावरून घरी आणला. मुलाने आईसाठी एवढं तरी केलं. तुळसा पडवीत खाटेवरच असते. पाय सुजलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पंखा तिच्या उशाशी लावला तर सुनेला म्हणते, "कोन फुकतंय गो, हौसा?"

खोका माळ्यावर ठेवला. जाड पुठ्ठ्याचा, चांगला आहे. पंखा बिघडला तर खोक्याशिवाय दुकानदार हात लावत नाही, असं काशीराम लिहितो. आणि पंखा बिघडणारच. आमच्या घरात काय टिकलं आहे?

१६ मार्च

खोका माळ्यावर नाही!

आमची नात जनी — काशीरामची मुलगी, आठ वर्षांची — तिने तो उतरवून अंगणात एस.टी. केली आहे. विळीने कापून खिडक्या काढल्या. कोळशाने 'लांजा' लिहिलं, तेही उलट्या 'ज'चं. आत तीन पोरं कोंबलेली, बाहेर एक कंडक्टर, फणसाच्या पानांची तिकिटं फाडतो. "पुढं सरका! म्हातारी मान्सं मागं बसा!"

कंडक्टर कोण? सदू. रावजीचा नातू! रावजी माझा चुलतभाऊ, या घराकडे मान वळवून बघत नाही, आणि त्याचा नातू माझ्या अंगणात घंटी वाजवतो.

"आता पंखा बिघडला म्हणजे?" मी म्हणालो.

जनी म्हणते, "आजा, फिरतोय ना तो? मग?"

१९ मार्च

एस.टी.चा आज मिरकरवाड्याच्या बंदरातला मासेमारीचा मचवा झाला. माशांचा लिलाव चालू होता. मासे म्हणजे आंब्याची पानं. डोकं दुखलं.

२२ मार्च

आज कहर केला. खोक्याची पालखी करतात!

झाकण कापून कमान केली. सिगारेटच्या पाकिटातले चंदेरी कागद थुंकी लावून चिकटवले. दोन बाजूंना बांबू घातले. हौसाच्या जुन्या पातळाचा काठ झालर म्हणून. आणि आत देवी — करवंटी, हळदीने पिवळी केलेली, डोळे गुंजांचे.

मी काठी घेऊन धावलो. देवाची थट्टा करता?

"पोरांचा खेळ हाय, मामा," हौसा म्हणाली. "शिमगा आला. पोरं पालखी नाय खेळनार तर काय खेळनार?"

ती आमच्या घरात आली ती नंतर. तिला काय ठाऊक, या घराला पालखीचा कसा चटका बसला आहे.

२५ मार्च

आज होळी. सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, ढोल वाजतात, इथे पडवीत खाटेपर्यंत ऐकू येतात. मी गेलो नाही. गेली कित्येक वर्षं जात नाही.

आमच्या पालखीचा उजवा पुढचा खांदा आमच्या घराचा. माझ्या आज्यापासून. एका शिमग्याला मला ताप होता, म्हणून रावजीने तिथे आपला मुलगा उभा केला. बरं, एक वर्ष. पुढच्या वर्षी मी गेलो तर मुलगा खांदा सोडीना आणि रावजी गप्प! मी भर वाटेत आडवा उभा राहिलो. पालखी थांबवली. आजही थांबवीन. मान माझा होता.

गावाने ठरवलं — केरूने पालखी अडवली, केरूने देवीपुढे नारळ ठेवावा, चूक कबूल करावी, तोवर त्याच्या दारी पालखी जाणार नाही. कसली चूक? नाही ठेवला. तेव्हापासून पालखी घरोघरी जाते आणि आमच्या फणसाजवळून मागे फिरते.

२७ मार्च

आज आमच्या वाडीत पालखी फिरली. तुळसाने सकाळीच हौसाकडून वेणी घालून घेतली. उशाखाली खण आणि नारळ. ढोल जवळ आला तशी उठून बसली, मला हात लावू दिला नाही, स्वतः उठली!

फणसाजवळ ढोल फिरला.

"गेली?" म्हणाली.

"गेली."

"तुमी येकदा बोलला असता तर—"

मी गायीला पाणी दाखवायला गेलो. गाय पाणी पिऊन बसलेली होती.

माझ्यावर एकदाही रागावली नाही ती. रागावली असती तर भांडता आलं असतं.

२९ मार्च

हे कुणापाशी बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

दुपारी पोरांनी पालखी काढली. सदू तेलाचा डबा बडवत पुढे. वाडीत सगळ्यांकडे जाऊन आली, लोकांनी हसून गूळ-खोबरं दिलं. फणसाजवळ आली तेव्हा मी दारात काठी घेऊन उभा होतो. सदू थबकला. त्यालाही ठाऊक, इथून फिरायचं! घरात ऐकलं असणार.

जनी म्हणाली, "फिरवायची नाय. माजं घर हाय ते."

तेवढ्यात आतून तुळसा ओरडली — "हौसा, पानी आन! पाय धू भोयांचे! आली गो, आली!"

तिच्या डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. डब्याचा आवाज तिला ढोल वाटला! मी सांगायला तोंड उघडलं. हौसाने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

हौसाने भोयांचे पाय धुतले. एवढेसे पाय, धुळीने लाल! सदूचेही धुतले. जनी झाली गुरव. खाटेपाशी उभी राहून गाऱ्हाणं घातलं — "बा म्हाराजा, ह्या आजीचे पाय बरे कर!" पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा!" "काशीरामाला रजा मिळू दे!" "व्हय म्हाराजा!" "आज्याचं डोकं दुखू देऊ नको!" हसतच ओरडली ही.

तुळसाने ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. तिचा हात झालरीवरून गेला, चंदेरी कागदावरून गेला, पुठ्ठ्याच्या कडेवर थांबला. मग म्हणाली, "हलकी झालीस गो बाये. हिंडून हिंडून दमलीस."

आणि रडली. खूप.

जनी मला म्हणते, "आजा, उजवा खांदा रिकामा हाय, बाळ्या जेवायला गेला. तू ये." मला काय झालं कोण जाणे, मागच्या दाराने निघून गेलो.

बायकोला शेवटी करवंटीची देवी दाखवली मी. हे माझं कर्तृत्व!

३० मार्च

झोप नाही. सदू घरी सांगणार. रावजी चारचौघांत म्हणणार — आधी पालखी अडवली, आता खोक्यात देवी बसवून ओटी भरून घेतो! माझं राहू दे. पण तुळसाच्या कानावर गेलं, की तुझी देवी पंख्याच्या खोक्यातली होती, तर?

जनी हौसाबरोबर नदीवर गेल्यावर खोका मागच्या दारी नेला. करवंटी केळीत फेकली. खोका मोडेना, पुठ्ठा फार जाड. शेवटी वर उभा राहिलो आणि पायांनी चेपला. लाकडांमागे सारला.

जनी आल्यावर रडली नाही. रागावलीही नाही. तुळसासारखी.

३१ मार्च

तुळसा आज म्हणाली, "काल मागल्या दारी काय मोडलात?"

"काय नाय. काटक्या."

"पुठ्ठ्याचा आवाज मला कळतो. हाताला बी कळला व्हता."

मी म्हणालो, "तुला ठाऊक होतं?"

"मी आंधळी हाय, खुळी नाय. सदूच्या डब्याचा आवाज काय सहाणंवरच्या ढोलाचा येतो?"

"मग ओटी कशी भरलीस?"

"पोरांनी दारात आनली. दुसऱ्या कुनी आनली? आनि ओटी भरली, गाऱ्हानं घातलं, मग ती बसली की त्यात. खोका र्‍हायला कुठं तो?" मग म्हणाली, "तुमी तिच्यावर पाय दिलात."

पंखा फिरतोच आहे.

१ एप्रिल

केळीत शोधलं, करवंटी सापडली. एक गुंज नाही. पुठ्ठा दाभणाने शिवायला बसलो, चुरगळलेला राहतोच. जनी येऊन शेजारी बसली. मी विचारलं, पुढल्या शिमग्याला उजवा खांदा मला देशील का?

म्हणाली, "आदी नारळ ठेव. चूक कबूल कर. मग बघू."

माडाखाली दोन पडले होते, दोन्ही सोलले. एक जनीपुढे ठेवला. चुकलो म्हणालो. तोंडातून निघालं.

पालखी अजून सहाणेवर आहे, नारळ तिथेच ठेवायचा, पण रावजीला बरोबर घेऊन. दुसरा नारळ घेऊन आता रावजीकडे निघालो आहे.