अर्धवट गाडी, सुट्या भागांसह

१२ जानेवारी, सोमवार

जाहिरात दिली एकदाची. तीनदा लिहिली, तीनदा खोडली. शेवटी गेली ती अशी — ‘जुनी चार दारांची गाडी, दुरुस्ती अर्धवट, सर्व सुट्या भागांसह. समक्ष पाहून न्यावी.’ जन्मभर वाचनालयात पुस्तकांची कार्डं लिहिली, त्याचा हा परिणाम. समोरच्या वहिनी म्हणाल्या, जरा कौतुक तरी करायचं गाडीचं! कसलं कौतुक? भंगारातून आणली तेव्हा मुलगा शाळेत होता. आता त्याचे केस पांढरे व्हायला लागले, आणि गाडी गॅरेजमधून वीतभरसुद्धा हललेली नाही.

कारण इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझंच मन फिरलं तर वाचता येईल. गेल्या आठवड्यात हे गाडीखाली शिरले आणि जॅक सरकला. बाजूला विटा रचलेल्या होत्या म्हणून निभावलं. मी किंचाळले. हे बाहेर आले, विजार झटकली आणि पुन्हा खाली शिरायला निघाले! डॉक्टर म्हणतात, हा विसरण्याचा आजार आता वाढतच जाणार, एकट्या बाईचं हे काम नाही. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, ते गॅरेज मोकळं कर. चोवीस तासांचा माणूस ठेवू, त्याला राहायला खोली होईल." बरोबर आहे त्याचं. लांब राहून सांगतो म्हणून माझा तिळपापड होतो, पण बरोबर आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

फोन वाजला. हातातलं टाकून धावले. विमावाला होता.

१५ जानेवारी, गुरुवार

पाच वाजले की ह्यांना कोणी सांगावं लागत नाही. चप्पल घालतात आणि गॅरेजकडे निघतात. मागोमाग मी, हातात दिवा. एकटं सोडायची सोय राहिलेली नाही. जॅक मी वहिनींच्या माळ्यावर नेऊन ठेवलाय, त्याबद्दल अजून तरी विचारणा नाही.

ह्यांची एक पद्धत आहे. कारखान्यात फिटर होते तेव्हापासूनची. जे निघेल ते वर्तमानपत्रावर, निघालं त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. बसवताना उलट्या दिशेने यायचं. अशी ही रांग चारी भिंतींच्या कडेने फिरून दारापर्यंत आलीय. नट त्याच्याच बोल्टवर, वायसर त्याच्याच खाली. कशावर नाव नाही, चिठ्ठी नाही. हे रांगेवरून नुसता हात फिरवत जातात आणि हवा तोच तुकडा उचलतात. सकाळी दाढीचा ब्रश कशाला असतो ते विचारणारा माणूस! कार्बोरेटर काढतात, पुसतात, बसवतात. उद्या तोच पुन्हा काढणार.

आणि मी खोक्यावर बसून दिवा धरायचा. गुडघे धरतात, फरशी गार असते. वर बोलणी खायची ती वेगळीच. "अगं, उजेड कुठे पाडतेस? माझ्या टकलावर काय ठेवलंय?" "हलवू नकोस म्हटलं ना तुला." मधेच मान वळवून बघतात, मी पेंगले तर नाही ना म्हणून. पेंगतेच मी. दोन तास रोजचे वाया. तेवढ्यात किती कपडे घड्या घालून होतील.

१८ जानेवारी, रविवार

पहिलं गिऱ्हाईक. जुन्या गाड्यांचे भाग विकणारा. बॉनेट उघडलं, दिव्यांवर टिचकी मारली, म्हणाला, इंजिन आणि पुढचे दिवे नेतो, बाकी वजनावर घालवा. मी म्हटलं, जाहिरात नीट वाचलीत का? गाडी जाईल ती अख्खी जाईल, आणि पुरी करणाऱ्याकडेच जाईल. हे माझ्या तोंडून कसं आलं देव जाणे, आधी असं काही ठरवलं नव्हतं.

त्याने फरशीवरच्या रांगेकडे पाहिलं. "ताई, हा पसारा बघून कोण घेणार? कुठला भाग कुठला, कळायला नको? जरा धुऊनपुसून, प्रकारवार लावून ठेवा. मग बघा." ह्यांनी त्याला नवा हेल्पर समजून उद्या आठला हजर राहायला सांगितलं. तो "हो साहेब" म्हणाला. तेवढा मात्र बरा माणूस.

संध्याकाळी मुलालाही सांगितलं. तोही म्हणाला, लाव ना मग नीट, तुझ्या हातचा मळ आहे.

१९ जानेवारी, सोमवार

जेवताना हे अदबीने म्हणाले, "तुमचे मिस्टर काय करतात?" म्हटलं, फिटर होते. "वा. चांगलं काम आहे," म्हणाले आणि भात पुढे सरकवला. हसू आलं. मग मी ताट तसंच ठेवून उठले. वहिनींना सांगावं म्हणून दारापर्यंत गेले, पण त्यांच्याकडे पाहुणे दिसले.

२४ जानेवारी, शनिवार

दोन दुपारी खपून गॅरेज लावलं! हे झोपले की मी खाली. सगळे तुकडे साबणाच्या पाण्यातून काढले, पुसले, उन्हात वाळवले. मग वर्गवारी. बोल्ट एकीकडे, नट एकीकडे, वायसर एकीकडे, त्यातही लहान-मोठे वेगळे. रिकाम्या बरण्या होत्याच. वर चिठ्ठ्या चिकटवल्या, माझ्या कार्डांच्या अक्षरात. मोठे भाग फळीवर, उंचीप्रमाणे. वर्तमानपत्रं रद्दीत. शेवटी फरशी पुसली तेव्हा कळलं की तिचा रंग हिरवा आहे.

किती दिवसांनी काहीतरी पुरं झालं हातून. पाठीचा पार भुगा झालाय. ह्या दोन दिवसांत संध्याकाळी ह्यांना सर्दीचं निमित्त सांगून वरच ठेवलं. उद्या दाखवीन.

२५ जानेवारी, रविवार

काय करून बसले मी!

पाच वाजता हे आले. दार उघडलं. उंबऱ्याशीच थांबले. बरण्या पाहिल्या, फळी पाहिली, मग खाली. भिंतीच्या कडेला वाकून रिकाम्या फरशीवर हात फिरवला, थोडं पुढे सरकले, पुन्हा फिरवला. हाताला काही लागेना. मी म्हटलं, "अहो, इथे आहे सगळं, बघा ना, बरणीत." ते उठले. मला म्हणाले, "माफ करा हं. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो." आणि बाहेर जाऊन दार हळूच लोटून घेतलं, परक्याचं लोटावं तसं.

मी सगळ्या बरण्या फरशीवर उपड्या केल्या. रद्दीतून पेपर परत आणले. पहिला कुठला होता? मोठा गोल तुकडा होता आणि त्याच्या शेजारी स्प्रिंग, एवढं आठवतं. रोज दोन तास त्या रांगेसमोर बसत होते आणि मी एकदाही नीट पाहिली नव्हती. ती रांगच त्यांची आठवण होती. डोक्यातली गेली तरी ती राहिली होती, आणि मी ती साबणाने धुतली. खूप रडले. ह्यांना ऐकू गेलं असावं, पण ते आले नाहीत.

२८ जानेवारी, बुधवार

क्रम काही लागला नाही, तुकडे पुन्हा बरण्यांत भरले. तीन दिवस झाले, पाच वाजले तरी हे खिडकीपाशी बसून असतात. हाताला धरून नेलं एकदा. आले, पाहुण्यासारखे उभे राहिले, "छान ठेवलंय तुम्ही" म्हणाले. मी ओरडा खायला तयार होते. ओरडलेसुद्धा नाहीत.

मुलाला सांगितलं. म्हणाला, "जाऊ दे आई, आता विकायला सोपं जाईल." मी फोन ठेवून दिला. चक्क आपटला.

१ फेब्रुवारी, रविवार

दातांची डॉक्टर आली होती. चाळिशीची, नखांखाली काळं. सुटीच्या दिवशी जुन्या गाड्या उभ्या करते. नवरा सोबत होता, तो बाहेर उन्हात उभा राहून जांभया देत होता. तिने आधी गाडीला चारी बाजूंनी हात लावला, मगच बोलली.

बरण्या बघून म्हणाली, "हे धुतलंत का पाण्याने?" म्हटलं, हो. साबण लावून. ती माझ्या अंगावर येईल असं वाटलं, पण खोक्यावर बसली आणि एक बोल्ट बोटांत फिरवत म्हणाली, गंज धरलाय थोडा, तेलात ठेवीन. क्रम लागेल हळूहळू, वर्ष जाईल. मग ह्यांना बोलावून तिने विचारलं, "काका, हा कुठे बसतो हो?" ह्यांनी तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मला नाही कल्पना. ह्या बाईंना विचारा, घर त्यांचं आहे."

मी तिकडे पाहिलंच नाही. तिला म्हटलं, न्या. अख्खी न्या, आणि पुरी करा. "करीन," म्हणाली. घासाघीस तिनेही केली नाही, मीही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

गेली. मोठ्या ट्रकवर दोरखंडांनी बांधून. दारातून निघताना मागचं चाक अडलं, चौघांनी ढकललं तेव्हा हललं. बरण्या डॉक्टरने स्वतःच्या मांडीवर घेतल्या.

हे वर खिडकीत उभे होते. एकटक बघत. मला धसका — आता खाली धावत येतात की काय! मुलाला सांगून ठेवलं होतं, गडबड झाली तर लगेच फोन करीन. काही झालं नाही. ट्रक वळला, दिसेनासा झाला, तरी हे खिडकीतच. मी वर गेले तर म्हणाले, "जेवण आहे का?"

११ फेब्रुवारी, बुधवार

नवा माणूस आला. शांत आहे, हात स्वच्छ, ह्यांची आंघोळ सुरेख घालतो. गॅरेजला चुना लागला, त्याची खाट आत गेली. मी आज दुपारी चक्क झोपले. वहिनी म्हणाल्या, तुमचा चेहरा उजळला.

उजळला असेल. पण मला कुठे जावं कळत नाही. पाच वाजले की हात रिकामे वाटतात, उगाच स्वयंपाकघरात जाऊन येते. आणि खरं सांगायचं तर ह्यांचा रागच येतो. इतकी वर्षं जिच्यापायी सुट्या घालवल्या, बोटं चेमटून घेतली, तिचं नावसुद्धा काढत नाहीत! मी किती उत्तरं तयार करून ठेवली होती. दुरुस्तीला दिलीय, रंगाला दिलीय, पुढच्या आठवड्यात येतेय. एकही लागलं नाही. मी उगाच भीत होते. गाडीचं त्यांना काहीच नव्हतं, असं आता म्हणायचं.

१५ फेब्रुवारी, रविवार

पाच वाजता ह्यांनी चप्पल घातली. दारापाशी थांबून मला म्हणाले, "अहो बाई, ती कुठे आहे?" मी लगेच म्हटलं, दुरुस्तीला दिलीय, येईल पुढच्या आठवड्यात.

"गाडी नाही हो," म्हणाले. "गाडी नेली ते मी बघितलं खिडकीतून. माझ्याजवळ बसायची ती. तिलाही घेऊन गेले का?"