हेलनबाईंची मेलेली माणसं

४ सप्टेंबर १९८४, मंगळवार

ह्या घरात सुरीला धार नाही, बाथरूमच्या दाराला कडी नाही आणि सुनेला विचारायची पद्धत नाही. शेजारच्या म्हातारीला सरळ माझ्या खोलीत आणून बसवली आणि आपण गेली कामाला. श्री लिहायचं राहिलं. श्री.

डायरी नरेंद्रने दिली, त्याच्या कंपनीची. म्हणाला, आई, मनात येईल ते इथे लिही. अर्थ कळतो मला. म्हणजे तोंडाने बोलू नकोस. चौथी पास आहे मी. पाचवीतून बापाने काढली, तरी अक्षर सुनेपेक्षा बरं आहे.

म्हातारीचं नाव हेलन. आडनाव विचारलं, तिने सांगितलं, विषय तिथेच संपला. भिंतीवरचा ह्यांचा फोटो बघत उभी राहिली. हे मार्चमध्ये गेले, मग नरेंद्रने मला इकडे अमेरिकेत आणलं. फोटोला चंदनी हार आहे. तिने छातीवर क्रॉस केला आणि चक्क रडली. ओळख ना देख. मी रडले नाही. मार्चपासून रडू आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. त्याची वाट बघत बसायला मी रिकामी नाही.

ठरवलं : हिच्याशी संबंध वाढवायचा नाही.

७ सप्टेंबर, शुक्रवार

आज बुटांचं खोकं घेऊन आली. आत फोटो. तिचं म्हणणं, तुझा नवरा मी पाहिला, आता माझी माणसं तू बघ. मी कधी म्हटलं होतं बघ म्हणून?

मधे बोलायला सुमेधा. नात. पंधराची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

हेलनबाईचा बाप पोलंडचा. बोटीने आला आणि पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत लागला. फोटोत मिशी, घड्याळाची साखळी आणि सूट. मी म्हटलं, सूट फोटोवाल्याचा दिसतो, बाह्या बोटांपर्यंत आल्यात. सुमेधाने ते जसंच्या तसं सांगितलं. हेलनबाई खोकला लागेपर्यंत हसली. मी विनोद केला नव्हता.

आईच्या डोक्याला रुमाल, थेट पदर घेतल्यासारखा. खाणीतले गडी घरात जेवायला-राहायला ठेवायची. म्हणजे खाणावळच. हात पाठीमागे लपवलेत. भांडी घासून हात कसे होतात ते मला कोणी सांगायला नको.

एका फोटोत बाप पेटीत निजलाय. भोवती सगळं घर, धुतलेल्या कपड्यांत, ओळीने उभं. सुमेधा म्हणाली, ग्रोस, आजी! ह्यात किळस येण्यासारखं काय? हा फोटो पोलंडला त्याच्या आईला पाठवायला काढला म्हणे, पोराला रीतसर पोचवलं हे तिला दिसावं म्हणून. मला पटलं. नुसतं पत्र आलं तर आई म्हणेल, कशावरून?

चहाला थांबली. तीन चमचे साखर घालते. ही तक्रार आहे म्हणून लिहून ठेवते.

ती मला ‘आजी’ म्हणते. माझ्याहून पाच वर्षांनी तरी थोरली असेल.

१२ सप्टेंबर, बुधवार

पितृपंधरवडा लागला. इकडे कोणाला पत्ता नाही.

हेलनबाईच्या घरी रंगकाम काढलंय. रंगाऱ्यांचा भरवसा नाही म्हणून तिने चार फोटो माझ्याकडे ठेवायला दिले. हे खोक्यातले नाहीत, भिंतीवरचे. फ्रेम, काच, मागे तार. मी नको म्हणणार होते, पण तोवर तिने ते पलंगावर मांडले होते.

बाप, आई, लष्करातला भाऊ आणि एक मुलगी. मुलगी सात-आठ वर्षांची. पांढरा झगा, डोक्यावर पांढरी फुलं, हातात पेटलेली मेणबत्ती, डोळे वर लागलेले. विचारायची गरजच नव्हती. शिवाय आमच्याकडे भिंतीवर गेलेलीच माणसं लावतात. जिवंत माणूस खिळ्याला टांगला की आयुष्य उणं होतं म्हणतात. मी मानत नाही. लावतही नाही.

माझीही एक गेली, नरेंद्रच्या आधीची. तिचा फोटो नाही. फोटो काढण्याइतकी राहिलीच नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार. सर्वपित्री.

ह्यांचं पान वाढलं. शरयू सून असली तरी वडे चांगले करते. नरेंद्र ऑफिसला. भटजी फोनवरसुद्धा मिळाला नाही.

मग मनात आलं, ह्या फोटोतल्या चौघांना कोण जेवू घालणार? कुठलं पोलंड, कुठली खाण. माझ्या खोलीत पाहुणे आहेत आणि घरात खीर आहे. पाहुण्याला उपाशी ठेवायची रीत आमच्यात नाही. एवढंच. माया वगैरे काही नाही.

शरयूच्या दारातला झेंडू तोडून तीन हार ओवले. मुलीला झेंडू पुरला नाही. ह्यांचा चंदनी हार काढून तिला घातला. ह्यांनी जन्मात कशाची तक्रार केली नाही, आता काय करतील. मुलीला कुंकू लावलं, बाकीच्यांना गंध. पान बाहेर ठेवलं. कावळा आला नाही, खार आली. पोलंडच्या लोकांचं तसं असेल.

दुपारी हेलनबाई आली. रंगकाम संपलं, फोटो न्यायला. हार बघून दोन्ही हात गालांवर ठेवून उभीच राहिली. मुलीच्या फोटोकडे बोट करायची, मग आपल्या छातीकडे, परत फोटोकडे. सख्खी बहीण असणार. मी तिचा दंड थोपटला आणि म्हटलं, होतं असं बाई, देवाची मर्जी. मराठीत म्हटलं, पण तिला पोचलं. चार वडे खाल्ले. हारासकट फोटो घेऊन गेली.

मनाला बरं वाटलं असं नाही. पण काम नीट झालं.

२५ सप्टेंबर, मंगळवार

ती मुलगी हेलनबाईच आहे.

सुमेधाने शाळेतून आल्यावर सांगितलं. ह्यांच्यात मुलींना आठव्या वर्षी पांढरं नेसवून चर्चमध्ये प्रसाद घ्यायला नेतात, त्या दिवसाचा फोटो. मी म्हटलं, मग मेणबत्ती कशाला? म्हणाली, आजी, बर्थडेलाही मेणबत्ती असते! म्हटलं, ते तरी मला कुठे पटलंय? मग तिच्या लक्षात आलं. तोंडावर हात ठेवून म्हणाली, ओ माय गॉड, तू तिला डेड लोकांचा हार घातलास?

मी म्हटलं, शोभेचा होता.

जिवंत बाईला हार घातला, कुंकू लावलं, पान वाढलं आणि खारीला खाऊ घातलं. बरं, झालं ते झालं. मी असलं मानत नाही. उद्या जाते आणि गुपचूप हार काढून आणते. पाच मिनिटांचं काम.

२६ सप्टेंबर, बुधवार

लाडू घेऊन गेले. बेत असा, की ती चहा करायला आत जाईल, मी हार पदराखाली घेईन. ती आत गेलीच नाही. चहा तिच्या मुलाने केला, वॉल्टरने. साठीला टेकलाय, लग्न नाही. ती माझा हात धरून बसली. फोटो पलंगाच्या डोक्याशी टांगलाय. त्याच्याखाली झोपते ती.

चहा बेचव होता. लाडू सगळे खाल्ले दोघांनी. डबा तिथेच राहिला.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

सुमेधाला पाठवलं. पढवून पाठवलं, की हार दर आठवड्याला धुवावा लागतो, आजीने मागितलाय. पोरगी हसत परत आली. हेलनबाईने सांगितलंय, मरेपर्यंत काढणार नाही.

ह्यात हसण्यासारखं काय आहे?

ठरवलं : विषय सोडून द्यायचा. सोडला.

२९ सप्टेंबर, शनिवार

सोडलेला आहे. फक्त सकाळी तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागला का ते बघितलं. लागला. खिडकी समोरच आहे, दिसतं. मुद्दाम बघत नाही.

१ ऑक्टोबर, सोमवार

अँब्युलन्स आली. हेलनबाईला नेलं. छातीत कफ, ताप. शरयू म्हणाली, ह्या वयात न्यूमोनिया म्हणजे काही सांगता येत नाही, आई. डॉक्टरीण असल्यासारखी. बँकेत आहे.

मला काही वाटलं नाही. पोळ्या करपल्या. इथले तवे खराब आहेत.

हाराचा काही संबंध नाही. खोकला तिला आधीपासून होता. सातव्या तारखेला मी स्वतः लिहिलंय. पुरावा आहे.

२ ऑक्टोबर, मंगळवार

मी मानत नाही. पण मीठ-मोहऱ्या घरात पडूनच होत्या, लाल मिरच्याही. वाया जाण्यापेक्षा म्हणून मूठ भरली, तिच्या घराकडे तोंड करून सात वेळा उतरवली, आली-गेली पापी-चांडाळाची म्हटलं आणि तव्यात टाकली.

छताला पांढरी वाटी चिकटवलेली आहे, ती धुराने बोंबलायला लागली. थांबेना. झाडूने पाडली. शरयू ऑफिसातून आली तेव्हा घरभर ठसका. म्हणाली, आई, काय करत होतात? म्हटलं, फोडणी. म्हणाली, कशाची? मी खिडक्या उघडायला गेले. मिरच्यांचा ठसका तिला लागला, मला नाही. म्हणजे दृष्ट होती. मी मानत नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सोनं म्हणून काय वाटायचं इथे? नरेंद्रने मेपलची पानं आणली. बरा आहे पोरगा. म्हणाला, आई, तुझं हल्ली जेवणात लक्ष नाही. बाबांची आठवण येते का? मी हो म्हटलं. सोपं पडतं.

वॉल्टरची गाडी रात्री उशिरा येते आणि सकाळी लवकर जाते. मी विचारलं नाही. विचारायला सुमेधाला पाठवलं. तशीच आहे म्हणे. नळ्या लावल्यात. हॉस्पिटलात तिने तो फोटो मागवून घेतलाय, हारासकट. उशाशी ठेवलाय.

ह्यांच्या फोटोपुढे बसून सांगितलं, की तुमचा हार आहे, तुम्ही बघा. ह्यांनी नेहमीसारखं ऐकून घेतलं.

पुढच्या महिन्यात इंडियाला परत जायचं. पक्कं.

८ ऑक्टोबर, सोमवार

हेलनबाई घरी आली. चालत. वॉल्टरचा हातसुद्धा झिडकारला.

मी खिडकीत नव्हते. पडदा धुवायला काढत होते.

१३ ऑक्टोबर, शनिवार

आज तिने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी पायाचं कारण सांगणार होते. पाय चांगलाच होता, गेले.

बटाटा भरून उकडलेल्या करंज्या होत्या. मीठ कमी. मी खाल्ल्या.

जेवण झाल्यावर ती उभी राहिली आणि बोलली. सुमेधा सांगत गेली. म्हणाली, डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी वाचले ती आजीच्या माळेमुळे. इंडियात माणसाला राखायला ही माळ घालतात हे मला कोणी सांगावं लागलं नाही. माळ घातली आणि मी उठून बसले. चर्चमधल्या बायकांनाही तिने हेच सांगितलंय. नरेंद्र ताटाकडे बघत होता. शरयू नरेंद्रकडे. सुमेधाने तिला खरं काय ते सांगितलं नाही. पोरगी वाटते तेवढी वाया गेलेली नाही.

मग म्हणाली, मला राखलं, आता आजीला कोण राखणार? आणि आम्हाला हॉलमध्ये नेलं.

नव्या रंगाच्या भिंतीवर तिचा बाप, शेजारी आई, शेजारी लष्करातला भाऊ. त्याच्या शेजारी मी. मोठी फ्रेम, काच. वॉल्टरने कधीतरी कुंपणावरून काढलेला, मी दारातला झेंडू तोडतेय. फोटोला कागदी फुलांचा हार, तिने आजारातून उठल्यावर बसून केलेला. कपाळावर काचेवरून कुंकू. मी लावते त्याच जागी, तेवढंच. नीट बघितलं होतं तिने.

सात महिने झाले, मला कशाचं काही वाटत नाही, आजही वाटलं नाही. फक्त तिथे उभं राहिल्यावर असं आलं मनात, की फोटो बरा आलाय. ह्यांच्यापेक्षा तरी बरा. आणि जागाही वाईट नाही. खाणीवाले लोक आहेत, कष्टाचे आहेत, उगाच बोलणार नाहीत.

डोळ्यांतून पाणी आलं ते कागदी फुलांना तिने अत्तर फवारलं होतं त्याने. फार वेळ आलं. नरेंद्रने खुर्ची दिली.

हेलनबाई माझा हात धरून विचारत होती, आवडलं का, काढायला नको ना? चारचारदा विचारलं. मला इंग्रजी येत नाही. उद्या ती परत येणार विचारायला. शरयूने मधे पडायचं नाही, नरेंद्रने हाराचा अर्थ समजावत बसायचं नाही. उत्तर सुमेधानेच द्यायचं, आणि नीट द्यायचं : राहू दे म्हणावं.