सगळे बाहेर, खोलीत मी

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (सहा वर्षांचे साठले आहेत, तेव्हा एकातच सहा धरून घे.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो असं भावोजींकडून कळलं. ते मला अधूनमधून गच्चीत जाऊन फोन करतात. त्यांना रागावू नकोस, ते फक्त तब्येतीचं बोलतात आणि लगेच ठेवतात. इकडे आम्ही सगळे ठीक, माझं पित्त सोडून. पित्त खवळलं आहे आणि त्याला कारण तुझं कॉलेज आहे.

आमच्या मंडळाने कॉलेजला मानांकन दिल्याचं पत्र तुला महिन्यापूर्वी मिळालं, आणि ते 'तूर्त स्थगित' केल्याचं दुसरं पत्र मागच्या आठवड्यात. प्राचार्य म्हणून तू कपाळावर हात मारून घेतला असशील, आणि बहीण म्हणून म्हणाली असशील, यातही त्याचाच हात असणार. आहे. पण कसा आहे ते पूर्ण ऐकून घे आणि मग बोल. मानांकन नसेल तर पुढच्या वर्षी तुला नवीन मुलं घेता येणार नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. ते कलम मीच टाइप केलं आहे.

तर आमच्या मंडळाचं काम काय? कॉलेजांना विचारायचं, तुमच्याकडे धोरण आहे का? असेल तर ते लेखी आहे का? लेखी असेल तर त्याचा शेवटचा आढावा कधी घेतला? हे आम्ही वर्षानुवर्षं नाकाने कांदे सोलत विचारत आलो, आणि गेल्या वर्षी एका आगाऊ कॉलेजने उलट विचारलं की तुमचं स्वतःचं हितसंबंधांचं धोरण कुठे आहे? शोधलं. एक फाईल सापडली, तिच्यावर 'हितसंबंध' असं ठळक लिहिलेलं होतं आणि आत कूलरच्या दुरुस्तीचे कागद होते. मग धोरण लिहायचं काम धोरण विभागाकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. आमच्या धोरण विभागात मी आणि एक टेबलफॅन एवढेच आहोत.

मी ते जीव ओतून लिहिलं. का, ते तुला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी मला तपासणी पथकाबरोबर टिपणं घ्यायला तुझ्याच कॉलेजात पाठवलं. मी साहेबांना सांगितलं होतं की तिथे माझी बहीण आहे. ते म्हणाले, बरंच झालं, जेवणाची सोय होईल. मी टिपणात एकच ओळ लिहिली, 'वाचनकक्षातील घड्याळ बंद आहे.' बंद होतं म्हणून लिहिली! त्या एका ओळीवरून पथकातल्या शहाण्यांनी 'संस्थेत वेळेचे नियोजन नाही' असा निष्कर्ष काढला आणि तुझी श्रेणी उतरवली. तू मला फाटकाशी गाठून म्हणालीस, "घड्याळ बघायला तुला मी शिकवलं. बंद दिसलं तर खुर्चीवर चढून चालू करायचं होतंस, लिहायचं कशाला?" त्यानंतर आपलं बोलणं नाही. तेव्हा यापुढे कुठल्याही भावाला बहिणीचं घड्याळ तपासायला लागू नये म्हणून मी धोरणात नात्याची व्याख्या अशी पसरट केली, की माणूस कुठेतरी अडकलाच पाहिजे. रक्ताचं नातं, लग्नाचं नातं, गुरुशिष्य, शेजार, स्वीकारलेली भेटवस्तू, आणि वैरसुद्धा. (वैर मी मुद्दाम घातलं. आमच्या सदस्यांचे एकमेकांवर उपकार फारसे नाहीत, वैर मुबलक आहे.) असा संबंध असलेल्या सदस्याने तो विषय निघताच खोलीबाहेर जावं. चौदा पानं झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवून मंजूर केली आणि अर्थातच कुणी वाचली नाहीत.

मग ती बैठक. विषय क्रमांक सात, तुझ्या कॉलेजला मानांकन देण्याचा ठराव. अध्यक्षांनी नव्या धोरणाप्रमाणे विचारलं, कुणाचा काही संबंध? ते विचारायचं म्हणून विचारत होते, पण 'परिशिष्ट' उठले. (हे आमचे ज्येष्ठ सदस्य. कुठलाही कागद दिला तरी याचं परिशिष्ट कुठे आहे, असं विचारतात, म्हणून हे नाव.) म्हणाले, माझी सून तिथे शिकली. गेले बाहेर. संख्याशास्त्राच्या बाई म्हणाल्या, त्या कॉलेजने मला एकदा व्याख्यानाला बोलावून कुंडीतलं रोपटं दिलं होतं, ते अजून जिवंत आहे, म्हणजे हितसंबंधही जिवंत आहे. त्या गेल्या. कायदेसल्लागारांचं तुमच्या संस्थापकांशी गाडी लावण्यावरून भांडण झालेलं निघालं. माजी कुलगुरूंना काहीच आठवेना, पण आपला कुणाशीच संबंध नाही हे त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. ते 'असेलच काहीतरी' म्हणून गेले. उरले अध्यक्ष. त्यांनी चष्मा काढला आणि हळूच सांगितलं की तीस वर्षांपूर्वी त्यांनी तुमच्याकडे नोकरीसाठी अर्ज केला होता आणि तुम्ही घेतलं नव्हतं. तेही गेले. बाहेरचा बाक तिघांचा आहे. दारातून बघितलं तर त्यावर पाच जण खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि शिपाईमामा त्यांना तिथेच चहा देत होते.

खोलीत मी. आता तू विचारशील, सख्खा भाऊ असून तू का नाही गेलास? मलाही हेच विचारलं जातं आहे, लेखी आणि तीन प्रतींत. माझं म्हणणं असं, की धोरणात 'सदस्य' असा शब्द आहे. मी सदस्य नाही, बैठकीचं इतिवृत्त लिहिणारा सचिव आहे. आणि मीही गेलो असतो तर सगळे गेले हे लिहिलं कुणी असतं? खुर्च्यांनी? शिवाय आमच्या नियमात गणपूर्ती बैठकीच्या सुरुवातीला एकदाच मोजतात, कारण बिस्किटं संपली की सदस्य विरळ होत जातात. ती तर झालेली होती. आणि दुसरा नियम असा, की ठराव मांडल्यावर पंधरा मिनिटांत कुणी हरकत घेतली नाही तर तो संमत. (पूर्वी एका स्वल्पविरामावर दोन दिवस चर्चा चालली होती, त्यावरचा हा उतारा.) मी मनगटावरचं घड्याळ लावून पंधरा मिनिटं मोजली. कुणी हरकत घेतली नाही. घेणार कोण? मग मी इतिवृत्तात घडलं तसं लिहिलं, 'सर्व सदस्य धोरणानुसार बाहेर गेले. विहित वेळेत हरकत आली नाही. ठराव एकमताने संमत.' अध्यक्षांनी चहाचा कप बाजूला ठेवून सही केली.

नंतर मानांकन नाकारलेल्या एका कॉलेजने इतिवृत्ताची प्रत मागवली आणि एका ओळीचं पत्र पाठवलं. 'एकमत नेमके कोणाचे?' ताई, त्या दिवसापासून चोर सोडून संन्याशाला फाशी चालू आहे. वैर असणारे, सून शिकवणारे, रोपटी वाढवणारे सगळे सोवळे, आणि ज्याने खरं ते लिहिलं त्याला कारणे दाखवा नोटीस. चौकशीसाठी त्याच पाच जणांची उपसमिती नेमली. उपसमितीच्या पहिल्याच बैठकीत संबंध विचारले, तेव्हा पाचही जण माझ्याशी संबंध आहे म्हणून उठून बाहेर गेले. पुन्हा तोच बाक. मी पुन्हा खोलीत, या वेळी आरोपी म्हणून, आणि इतिवृत्त लिहायलाही मीच! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसेल. बावीस वर्षं मी या इमारतीत खरं लिहितो आहे, आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी मीच भरडला जातो. याचा मला संताप येतो, आणि तो मी तुझ्यावाचून कुणाकडे काढावा?

घरी सगळ्यांना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. अध्यक्षांनी वाट शोधली आहे. धोरणात त्यांच्या आग्रहाने एक कलम घातलेलं आहे (त्यांना चुलतभाऊ फार आहेत), की पाच वर्षं बोलणं, येणंजाणं वा पत्रव्यवहार नसेल तर नातं संपलं असं समजावं. आपल्याला सहा झाली. सोबत 'निरंक दाखला' जोडला आहे. 'पाच वर्षांत बोलणे, येणेजाणे वा पत्रव्यवहार नाही, सबब माझे व सदर इसमाचे कोणतेही नाते उरलेले नाही' एवढ्याखाली तू सही करायची. तुझं मानांकन पूर्ववत, माझी नोटीस मागे, मंडळाची अब्रू शाबूत. सगळं खरंच तर आहे. लवकर पाठव.

आणखी ता. क. पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं, की दाखल्यात 'पत्रव्यवहार नाही' असं आहे आणि हे पत्र पाच पानांचं झालं आहे. म्हणजे एक तर नुसता दाखला पाठवायचा, नाहीतर नुसतं पत्र. दोन दिवस पाकीट खिशात घेऊन फिरलो. शेवटी पाकीट फोडून दाखला काढून घेतला. आज मंडळाला लेखी दिलं, 'सदर प्राचार्य माझी सख्खी बहीण आहे व राहील.' नोटिशीचं काय व्हायचं ते होवो. तुझा विषय नव्याने घेतील, पंधरा दिवसांत नवं पथक येईल, आणि मी बाकावर बसेन.

शेवटचं. वरती मी खरं ते लिहितो म्हणून फार मिरवलं, त्यातलं एक कमी कर. त्या पंधरा मिनिटांत तुझी फाईल माझ्यासमोर उघडी होती. वाचनकक्षाचे तीन फोटो आहेत, सकाळच्या उन्हातला, दुपारच्या सुट्टीतला आणि दिवे लागल्यावरचा. तिन्हींत घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. हरकत घेण्याजोगं तेवढंच होतं आणि घेणारा मी एकटाच होतो. मी फाईल मिटली.

पण नव्या पथकातला टिपणं घेणारा कुणाचा तरी दुसऱ्याचा भाऊ असेल, तो लिहील. म्हणून दाखल्याच्या जागी पाकिटात पेन्सिल सेल घातला आहे. (कॉलेजला भेटवस्तू देऊ नये असं कलम नऊ आहे, ते सदस्यांना आहे, धाकट्या भावांना नाही.) खुर्चीवर तू चढू नकोस, गुडघा आहे. भावोजींना चढव.