नारिंगी रंगाची सायकल

कोपरगाव
१२ मार्च २०२५

प्रिय इमॅन्युएल,
आईचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही बरे आहोत. तुझे पप्पा काठी घेऊन अंगणात फिरतात, डावा हात मात्र अजून साथ देत नाही. जेनिफर आणि जोएल, मायलेक मजेत असतील. आई पत्र लिहायला लागली म्हणून हसशील. पण फोन घेतला की तुझे पप्पा जवळ येऊन बसतात, आणि मला यांच्या माघारी बोलायचंय.

तुझी लहानपणची सायकल यांनी जोएलसाठी रंगवायला घेतली, ते तुला ठाऊक आहे. नाताळला येतो म्हणालास आणि नातवाने नारिंगी रंग मागितला. झालं, त्याच दिवशी चाकं काढून सांगाडा शेवग्याला टांगला. एका हाताने जुना रंग घासून काढायचा म्हणजे काय, ते तू बघायला हवं होतंस. मी धरायला गेले की खेकसायचे, "सोड, माजं मी करतो." घासलं, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड लावलं, वर नारिंगी हात मारला आणि वाळायच्या आत साखर कारखान्याच्या धुराची काजळी येऊन बसली. चरफडत पुन्हा घासलं. तोवर नाताळ होऊन गेला. तू आला नाहीस. मी यांना म्हटलं, जोएलची परीक्षा आहे.

दुसऱ्या खेपेला रंग छान बसला. यांनी विचारलं, "आता कवा येतंय पोरगं?" मी वाकून सायकल न्याहाळली. म्हटलं, खाली ओघळ आलाय, बरं नाही दिसत. ओघळ कसला डोंबलाचा! पण यांनी निमूट पॉलिश पेपर हातात घेतला. मला ते सोपं पडलं. मग यांनी तुझं विचारलं की प्रत्येक वेळी तुझ्या वतीने मी त्या सायकलीत खोट काढत राहिले.

परवा तुझ्या रूथमावशीने मोबाईलवर फोटो दाखवले. श्रीरामपूरचं लग्न, जेनिफरच्या मावसभावाचं. तू सुटात, जोएल वरातीत नाचतोय. तुम्ही दोन दिवस तिथे होतात म्हणे. तिथून आपलं घर तासाभरावर आहे रे. जेवायला नको, बापाला तोंड दाखवायला तरी यायचंस! रूथसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हटलं, "हो, मला कळवलं होतं त्याने." तुझ्यासाठी मी किती खोटं बोलायचं?

काल रंग पुन्हा वाळला. यांनी मला अंगणात नेलं. "बघ, कुठं खोट हाय?" खरंच कुठे नव्हती. मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, श्रीरामपूरसुद्धा.

हे ओरडले नाहीत. "म्हंजी परीक्षा न्हवती," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आन् तू मला नुसतं घासाया लावलंस व्हय?"

तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. माझ्या हातचा चहासुद्धा घेत नाहीत, स्वतः उठून करतात. तुझ्याबद्दल मात्र एक वाईट शब्द नाही.

ईस्टरला येऊ नकोस, इमॅन्युएल. आलास तर ते तुला जवळ घेतील, मला माहीत आहे. ते मला बघवणार नाही.

आशीर्वाद लिहावा लागतो, म्हणून लिहिते.

तुझी आई,
हन्ना