चपलांची गावं

माय,

आज नांदेडच्या माझ्या दवाखान्यात एक बाई आली. गाल फाटलेला, डोळा सुजून बंद. "कशानं मारलं?" विचारलं तर म्हणाली, "कोल्हापुरीनं. नवऱ्यानं." टाके घातले. पदर सारखा करून ती उठली. "लेकरं हायेत घरी," म्हणाली आणि गेली. तेव्हापासून लोह्याचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाप जेवायला बसलाय. वरणात मीठ जास्त पडलंय. तो उठतो, दारातली चप्पल उचलतो आणि "ए नायगाववाले!" म्हणून तुझ्या तोंडावर हाणतो. त्या घरात तुझ्या नावानं तुला कुणी कधी हाक मारली नाही, माहेरच्या गावावरूनच मारली. चप्पल कोल्हापुरी, तू नायगाववाली. त्या दिवशी तुझा ओठ फाटला आणि तू चुलीवरचा तापलेला तवा उचलून त्याच्या हातावर दाबलास. कातडी तव्याला चिकटून आली. तो जनावरासारखा ओरडत होता आणि तू मला म्हणालीस, "चल, आता हितं ऱ्हायचं न्हाई."

मग लातूर. क्लासच्या पोरांची मेस, दिवसभर पोळ्या. मी बारावीत असताना तू गेलीस. पुढं मामानं मला डॉक्टरकीला रशियात धाडलं, हे तुला ठाऊक नाही.

तिथं होस्टेलात माझ्या शेजारच्या खोलीत दक्षिणेकडची एक रशियन मुलगी राहायची. एका संध्याकाळी तिचा मित्र दारू पिऊन तिला रबरी चपलेनं मारत होता. चप्पल तुटली, तेव्हा त्यानं तिचं डोकं धरून भिंतीवर आपटलं. मी बिडाचा जड तवा घेऊन धावले आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

पोलीस आला. कशानं मारलं, त्यानं तिला विचारलं. "व्येतनाम्की," ती म्हणाली. तो हसायला लागला. "व्हिएतनामच्या बायकांनी?" त्या शब्दाचा तोही अर्थ होतो, पण तिच्याकडं रबरी चपलेलाही तसंच म्हणतात, व्हिएतनामवरून. त्या पोलिसाच्या भागात म्हणतात 'स्लान्त्सी'. तेही एका गावाचं नाव, तिथल्या कारखान्यात म्हणे त्या चपला व्हायच्या. तो ही गंमत आम्हाला रंगवून सांगत होता आणि तिच्या कानातून रक्त गळत होतं. मोडक्यातोडक्या रशियनमध्ये मी किंचाळले, "शब्द राहू दे, तिच्याकडं बघ!" तेव्हा कुठं त्यानं दवाखान्याची गाडी बोलावली.

तिचा तो कान कायमचा गेला. आणि बरी झाल्यावर ती त्याच मित्राकडं राहायला गेली. "तो आता पीत नाही," मला म्हणाली. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती जिन्यात दिसली तरी अंगाची आग व्हायची, आणि ती आग त्याच्यापेक्षा तिच्यावरच जास्त होती.

तो राग मला नवा नव्हता, माय. लोह्यात इतकी वर्षं तू मार खात राहिलीस, निघाली नाहीस, म्हणून मी बापापेक्षा तुझ्यावरच चिडलेली असायची. लातूरला रोज तुझ्या कुशीत झोपूनही हे तोंडातून निघालं नाही. आताही लिहितेय ते तुला वाचता येणार नाही म्हणूनच.